करुणेचा रोजचा सराव : वऱ्हाडची परंपरा

करुणा मनात उपजायची वाट पाहत बसू नये, ती आधी हातांना लावावी आणि मग मनात मुरते, अशी वऱ्हाडातल्या संतांची धारणा होती. या प्रदेशाने गेल्या दीडशे वर्षांत जी माणसे घडवली त्यांच्या शिकवणीत खराटा आहे, रांजण आहे, भाकरी आहे, संध्याकाळची ठरलेल्या वेळेची प्रार्थना आहे. अध्यात्मातले शहाणपण कशाला म्हणायचे याचेही एक उत्तर त्यात आहे. मदत करताना समोरचा माणूस लहान होणार नाही याची जाण असणे, हे ते उत्तर.

या परंपरेची ठिकाणे वऱ्हाडात किती जवळजवळ आहेत, ते हिवरखेड नावाच्या दोन गावांवरून कळते. एक अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. दुसरे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. पहिल्या हिवरखेडहून गजानन महाराजांचे शेगाव जवळ. दुसऱ्याहून गोविंदप्रभूंचे ऋद्धिपूर आणि तुकडोजी महाराजांची मोझरी जवळ. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव या दोन्हींच्या मधल्या मुलखात येते. कोणत्याही हिवरखेडच्या माणसाला करुणेचे धडे घ्यायला फार लांब जावे लागत नाही.

या परंपरेचे सर्वांत जुने ठाणे ऋद्धिपूर. तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभू राहत. चक्रधरस्वामी त्यांचे शिष्य. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त टिपून ठेवल्या आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तयार झाला. पाठलाग करणाऱ्यांपासून जीव वाचवत आलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला सोडत नाहीत, ही त्यातली लीळा चक्रधरांच्या महानुभाव पंथाच्या घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या पाण्याची लीळा आहे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता त्यांच्या पाण्याची सोय त्यांनी करून दिली. या लीळांमध्ये उपदेश फारच थोडा. प्रसंग घडतो, स्वामी काहीतरी करतात, पाहणाऱ्याला त्यातून कळते. अहिंसेचे व्रत पुढे या पंथाच्या आचारात इतके खोल गेले की ते खाण्यापिण्यापासून चालण्याबोलण्यापर्यंत पोचले.

त्यानंतर सहाशे वर्षांनी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, शेंडगावच्या परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, यांचा जन्म झाला. वडील दारूने गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी मामाच्या घरी ढोरे राखत, वावरात राबत मोठा झाला. शाळा नाही, अक्षरओळख नाही. मामाची जमीन सावकाराच्या कागदांनी गिळली, हे त्याने तरुणपणी डोळ्यांनी पाहिले. कर्ज, अडाणीपणा, दारू आणि सणावारांचा न परवडणारा खर्च हे एकाच दुःखाचे चार धागे आहेत, ही समज त्याला पुस्तकातून आलेली नव्हती. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्याने गोडाचे जेवण वाढले. बंड म्हणावे तर घरच्या पंगतीपुरते, पण भाऊबंदांचा रोष अंगावर घेऊन केलेले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे गोधडे, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. त्यातच भाकरी मागायची, त्यातच खायची, त्यातच पाणी प्यायचे. गावात शिरले की ते कोणाला काही न सांगता रस्ता झाडायला लागत. कोणाच्या शेतात काम अडलेले दिसले की हात लावत, मोबदल्यात चटणी-भाकरी घेत आणि पुढे जात. गाव स्वच्छ झाले की रात्री तिथेच कीर्तन. त्या कीर्तनाची भाषा ठेठ वऱ्हाडी होती आणि रीत प्रश्नोत्तरांची. बाबा विचारत, समोरचे शेकडो लोक एका आवाजात उत्तर देत. देव कुठे राहतो, बोकड कापल्याने कोणाचे भले होते, कर्ज काढून तेरवी घातल्याने मेलेल्याला काय मिळते, असले ते प्रश्न. उत्तर लोकांच्याच तोंडून निघत असल्यामुळे ते त्यांच्या गळी उतरे. सुशिक्षितांच्या व्याख्यानांना जे साधत नव्हते ते या निरक्षर माणसाच्या कीर्तनाला साधत होते, आणि त्याचे मुख्य कारण या पद्धतीत आहे. ऐकणाऱ्याच्या अकलेवर त्यांचा विश्वास होता.

पायावर डोके ठेवायला ते कोणाला देत नसत. जो वाके त्याला हाकलत. या एका सवयीत त्यांच्या करुणेचे सगळे शहाणपण दिसते. पाया पडणारा माणूस आपण लहान आहोत हे मान्य करत असतो, आणि बाबांचे सारे आयुष्य माणसाला ताठ उभे करण्यात गेले. पैशाबाबत तीच शिस्त. त्यांच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले. त्यांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पूर्णाकाठी ऋणमोचनला घाट झाला, मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या हाती त्यांतले काही येऊ दिले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. विठ्ठलाच्या गावात ज्यांना ओसरीसुद्धा मिळत नव्हती त्यांच्यासाठी बांधलेली ती वास्तू त्यांच्याच शिक्षणाच्या कामी आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचा शिक्षणावर किती जीव होता, ते यावरून समजते. भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांना एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी मिळाली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग नेहमी वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. पण त्यात कोरडेपणा वाचणे चूक ठरेल. ज्या गावांत दर महिन्याला कोणाचे ना कोणाचे मूल जात होते, तिथे त्या रात्री एका बापाने आपले दुःख इतरांच्या दुःखाहून वेगळे मानले नाही, असा त्याचा अर्थ अधिक पटणारा आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा चौदाच दिवस झाले होते.

बाबांच्या शिकवणीची दहा कामांची यादी महाराष्ट्रात सर्वत्र लागलेली दिसते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडे, गरिबाच्या मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, आजाऱ्याला औषध, बेकाराला रोजगार, मुक्या जनावरांचे रक्षण, गरीब तरुण-तरुणींचे लग्न, खचलेल्याला धीर. देवळात जाऊन करायचे असे यांत एकही काम नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या कामाची किंमत पूर्णेच्या खोऱ्यात विशेष कळते. अकोला, दर्यापूर, तेल्हारा या बाजूच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते खारे असते, पिता येत नाही. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा ठिकाणी रस्त्याकडेला पाणपोई लावणे, रांजणावर ओले फडके टाकणे, रोज सकाळी रांजण घासून ताजे पाणी भरणे हे शोभेचे पुण्य उरत नाही. पाणपोई लावण्याचे पहिल्या दिवशी सगळ्यांना सुचते. तिसऱ्या आठवड्यात रांजण कोण घासतो, यावर ती टिकते किंवा मोडते. बाबांच्या नावाने वर्षातून एक दिवस खराटे हाती घेऊन छायाचित्रे काढणाऱ्यांनी हा तिसरा आठवडा लक्षात घ्यायला हवा, कारण बाबांनी पन्नास वर्षे रोज झाडले.

गाडगेबाबांनी एकट्याने आरंभलेल्या या कामाला गावाच्या दिनक्रमात बसवले ते तुकडोजी महाराजांनी. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली येथे जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे हे वरखेडच्या आडकोजी महाराजांचे शिष्य. खंजिरीवरच्या भजनांनी ते लोकप्रिय झाले. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५ च्या सुमारास लोकांच्या हाती आली. तिचे ४१ अध्याय आहेत. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गरिबी-श्रीमंती, महिलोन्नती, दलितसेवा, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार, गोवंश-सुधार ही त्यांतल्या काही अध्यायांची नावे वाचली तरी ग्रंथाचा कल कळतो. मोक्षाचा विचार सांडपाण्याच्या विचाराला सोडून केलेला नाही.

महाराजांनी रूढ केलेली सामुदायिक प्रार्थना हा या सगळ्याचा कणा. त्यांच्या श्रीगुरुदेव सेवामंडळाची शाखा ज्या गावात आहे तिथे सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी प्रार्थना होते. मधोमध एक आसन मांडलेले असते, त्यावर कोणाची मूर्ती नसते. लोक सरळ रांगा करून बसतात. येणाऱ्याने आपली जात, आपले दैवत, आपला मान बाजूला ठेवून जिथे जागा मिळेल तिथे बसायचे. पाटील मागच्या रांगेत आणि सालदार पुढच्या रांगेत, असे बसणे १९४० च्या दशकात किती अवघड होते, याचा अंदाज आज येणे कठीण आहे. काही गावांत पहाटेच्या रामधूनची प्रथा आहे. आधी गल्ल्या झाडायच्या, अंगणात सडा-रांगोळी करायची, मग भजन म्हणत गावभर फिरायचे. रोज अर्धा तास शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून शांत बसलेल्या माणसाला त्याच शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडताना थोडे जड जाते. प्रार्थनेचा हा उपयोग साधा वाटेल, पण गावात राहणाऱ्याला तो मोठा आहे. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जमणारा प्रचंड समुदाय ठरलेल्या क्षणी मौन श्रद्धांजली वाहतो, आणि त्या वेळी हजारो माणसे जागच्या जागी स्तब्ध होतात. अशी शांतता एका दिवसात शिकता येत नाही. ती वर्षभराच्या संध्याकाळींची कमाई आहे.

त्याच गावांच्या दुसऱ्या टोकाला बुद्धविहार असते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांत विहारे उभी राहिली. पावसाळ्यातल्या वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, संध्याकाळी तिथे बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. डवरणी-निंदणाहून परतलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून येऊन बसतात. बाबासाहेबांनी या ग्रंथात प्रज्ञा आणि करुणा यांना धम्माचे दोन आधार मानले. प्रज्ञा म्हणजे खुळ्या समजुतींना जागा न देणारी समज. करुणेवाचून समाज जगू शकत नाही आणि वाढूही शकत नाही, ही त्यांची भूमिका. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनांचा क्रमाने सराव सांगितला आहे. मैत्रीभावनेत साधक आधी स्वतःचे, मग जवळच्यांचे, मग अनोळखी माणसाचे आणि शेवटी ज्याच्याशी वैर आहे त्याचे भले चिंततो. मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखावणे, ही या चौघींत बहुधा सर्वांत अवघड. शेजाऱ्याच्या कपाशीला चांगला उतारा आला की तिची परीक्षा होते.

या जुन्या सरावाकडे आता प्रयोगशाळांचेही लक्ष गेले आहे. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहवेदना आणि करुणा यांतला फरक तपासला. दुसऱ्याचे दुःख आपल्यात ओढून घेण्याचा सराव केलेल्यांचे मन अधिक खिन्न झाले. त्यांनाच मैत्रीभावनेसारखे ध्यान शिकवल्यावर, दुःख समोर असूनही, मनात आपुलकी आणि उभारी वाढली. सेवेच्या कामात माणसे का थकतात आणि काही का थकत नाहीत, याचा उलगडा यातून बराच होतो. दुःखात बुडून जाणे वेगळे, दुःखिताच्या बाजूला उभे राहणे वेगळे.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानात करुणेचा हा सराव मोठ्या संख्येने चालतो. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना.  अन्नाची ती कदर संस्थानच्या महाप्रसादात उतरली आहे. गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येतात, मोबदला न घेता वाढतात, झाडतात, भाविकांच्या चपला सांभाळतात. गावी दहा एकरांचा धनी असलेला माणूस तिथे अनोळखी माणसाची चप्पल हातात घेतो. त्या चार दिवसांत तो जे शिकतो ते परत गावी आल्यावर टिकावे, एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. पंक्तीला वाढणारा हात घरच्या सालदाराच्या ताटाकडेही वळला पाहिजे.

ज्यांना समाजाने बाहेर काढले त्यांच्या वाट्याला आलेली करुणा कशी असावी, याची दोन उदाहरणे अमरावती जिल्ह्यात आहेत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीच्या बाहेर कुष्ठरुग्णांसाठी तपोवन सुरू केले. त्या काळी या आजाराच्या माणसाला घरातून काढून देत, तो देवळाच्या पायरीवर भीक मागत मरे. तपोवनात औषधाबरोबर शेती आणि हातउद्योग आले. रुग्णाला कमावता केले, त्याच्या हातच्या वस्तू बाजारात गेल्या. भीक घालणाऱ्यालाही दया येतच असते. पटवर्धनांनी त्या दयेला पुढचा प्रश्न विचारला : हा माणूस उद्या कसा जगेल?

दुसरे ठिकाण परतवाड्याजवळचे वझ्झर. तेथे शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे बालगृह चालवतात. कोणी रेल्वे स्थानकावर सापडलेले, कोणी बसस्थानकावर. कोणी अंध, कोणी मूकबधिर, कोणी मतिमंद. शंकरबाबांनी त्यांच्या नावापुढे स्वतःचे नाव लावले. मोठ्या झालेल्या मुलामुलींची लग्ने लावली. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडायचे, हा नियम अशा मुलांना पुन्हा रस्त्यावर आणतो, म्हणून त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निधी गोळा करून मुले सांभाळणाऱ्या संस्था अनेक आहेत. आडनाव देणारा माणूस मात्र त्या मुलांचा बाप होतो. दाता आणि याचक हे नातेच तिथे उरत नाही.

गाडगेबाबांच्या यादीतले शेवटचे काम, खचलेल्याला धीर देणे, आज वऱ्हाडात सर्वांत निकडीचे झाले आहे. कर्जाने आणि नापिकीने वेढलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गेली पंचवीस वर्षे या विभागाला ग्रासले आहे. त्यामागची कारणे भाव, पाणी आणि पतपुरवठ्यात आहेत, आणि ती धोरणानेच सुटतील. शेजाऱ्याच्या चांगुलपणावर ती सोपवून सरकारला मोकळे होता येणार नाही. पण धोरण येईपर्यंत माणूस टिकला पाहिजे. २०११ नंतर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला, ऐकून घ्यायला आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांपर्यंत पोचवायला शिकवले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकात आले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत मिळवणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर उतरले. हे कार्यकर्ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. थोड्या प्रशिक्षणाने त्यांची आस्था कामाला आली.

धीर देण्याचीही रीत असते, आणि ती शिकता येते. ज्याचे बोलणे कमी झाले, झोप गेली, जो पारावर यायचा बंद झाला, त्याच्या घरी जाऊन बसावे. तुझ्यापेक्षा वाईट दिवस कितींनी काढले, हे ऐकवू नये. त्याने तो अधिक एकटा पडतो. जिवाचे काही बरेवाईट करण्याचे मनात येते का, हे थेट विचारावे. असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मानसिक आरोग्याच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक सांगून उठून न जाता, त्याच्याशेजारी बसून फोन लावून द्यावा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्या घरी जावे.